पुरावा दडवला म्हणून शिक्षा रद्द झाली. आता भरपाईचा दावा नेमका कोणावर? (अमेरिका, कलम १९८३)

तळटीप

जाणकारांकडून नेमकी माहिती हवी आहे. सरकारी पक्षाने आरोपीच्या फायद्याचा पुरावा दडवला तर शिक्षा रद्द होऊ शकते, हे अमेरिकेत 'ब्रेडी विरुद्ध मेरीलँड' (१९६३) या निकालापासून पक्कं आहे. माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे.

उदाहरणादाखल एक काल्पनिक खटला घेऊ. शिकागो, १९९१, खुनाचा आरोप, साठ वर्षांची शिक्षा. पंचवीस वर्षांनी पोलिसांच्या दप्तरात डिटेक्टिव्हच्या हस्ताक्षरातलं एक पान सापडतं. एका दुकानदाराने भलत्याच माणसाचं वर्णन आणि टोपणनाव सांगितल्याची त्यात नोंद आहे. बचावाच्या वकिलाने ते पान कधी पाहिलेलंच नाही. न्यायालय शिक्षा रद्द करतं, सरकारी वकील आरोप मागे घेतात, माणूस बाहेर येतो.

आता नागरी हक्कांच्या कायद्याखाली (कलम १९८३) नुकसानभरपाई मागायची, तर प्रतिवादी कोण? सरकारी वकील, डिटेक्टिव्ह, शहर की राज्य? मुदत कधीपासून मोजायची? शिक्षा रद्द करणाऱ्या न्यायालयानेच "पुरावा दडवला" असं म्हटलं असेल, तर दिवाणी दाव्यात वेगळं काय सिद्ध करायचं उरतं? आणि हे दावे इतके का पडतात?

दफ्तरदार

सरकारी वकिलापासून सुरुवात करतो, कारण सगळ्यांच्या डोक्यात पहिलं नाव त्याचंच येतं आणि यादीतून पहिलं बाद होतं तेही त्याचंच.

'इम्ब्लर विरुद्ध पॅक्टमन' (१९७६) नुसार खटला चालवण्याच्या कामात सरकारी वकिलाला भरपाईच्या दाव्यापासून संपूर्ण संरक्षण आहे. कागद बचावाला न देणं हे 'खटला चालवण्याचं काम'च धरलं जातं. मुद्दाम दिला नाही, द्वेषाने दिला नाही, तरी फरक पडत नाही. त्याच्या वरिष्ठांनी प्रशिक्षण दिलं नाही किंवा माहिती ठेवायची पद्धतच उभारली नाही, असा वळसा घालून पाहिला तर 'व्हॅन डी कँप विरुद्ध गोल्डस्टीन' (२००९) ने तीही वाट बंद केली. फट एकच आहे. अटकेला पुरेसं कारण मिळण्याआधी सरकारी वकील स्वतःच तपासात उतरला, साक्षीदार गोळा करत बसला, तर तेवढ्या कामापुरतं हे संरक्षण नाही ('बकली विरुद्ध फिट्झसिमन्स', १९९३).

राज्य सरकारही बाद. कलम १९८३ चा दावा 'व्यक्ती'वर चालतो आणि राज्य ही त्या अर्थाने व्यक्ती नाही, असं १९८९ मध्ये ठरलं. इलिनॉयमध्ये जिल्ह्याचा सरकारी वकील राज्याचा अधिकारी गणला जातो, त्यामुळे त्याच्या खटल्यातल्या निर्णयांसाठी काउंटीला ओढणंही जमत नाही. न्यूयॉर्कमध्ये हेच उलटं आहे. तिथे कार्यालयाच्या व्यवस्थापनापुरता डिस्ट्रिक्ट अॅटर्नी (तिथला सरकारी वकील) स्थानिक धोरणकर्ता धरला जातो आणि त्याची झळ शहराला बसू शकते. म्हणून "अमेरिकेत काय होतं" या प्रश्नाला एक उत्तर नाही. आधी राज्य आणि सर्किट (संघीय अपील न्यायालयाचा विभाग) सांगावं लागतं.

उरले डिटेक्टिव्ह आणि शहर.

डिटेक्टिव्हला फक्त मर्यादित संरक्षण आहे: त्या काळी हा हक्क स्पष्टपणे प्रस्थापित नव्हता, असं त्याला दाखवता आलं पाहिजे. शिकागो ज्या सातव्या सर्किटमध्ये येतं तिथे १९८८ च्या 'जोन्स विरुद्ध शिकागो शहर' निकालानंतर १९९१ च्या डिटेक्टिव्हला हे म्हणायला फारशी जागा नाही. पण खरी अडचण पुढे आहे. पोलिसाचं कर्तव्य सरकारी वकिलापर्यंत कागद पोचवण्याचं. तो पोचवला की पोलीस सुटला. पुढे सरकारी वकिलाने तो दाबला तर त्याला इम्ब्लरचं छत्र. म्हणजे कागद नक्की दडवला गेला आहे हे सगळ्यांना मान्य, आणि तरीही पैसे देणारा कोणी नाही, अशी स्थिती कायद्याने शक्य आहे. तुमच्या उदाहरणातला सगळा दावा एका प्रश्नावर उभा आहे: ते पान पोलीस ठाण्यात अडकलं की सरकारी वकिलाच्या टेबलावर?

डिटेक्टिव्हचा बचाव ठरलेला असतो: "मी दिलं होतं, त्यांनी काय केलं मला माहीत नाही." त्यामुळे खटला चालवणाऱ्या सरकारी वकिलावर दावा लावू नका, पण त्याची साक्ष मात्र घ्याच. स्वतःला धोका नसल्यामुळे तो बऱ्याचदा सरळ सांगतो की हे पान आलं असतं तर मी बचावाला दिलं असतं.

कावेबाज_कारकून

वरच्या प्रतिसादात शहराचं राहिलं, ते लिहितो, कारण मोठी रक्कम तिथेच असते.

नोकराने चूक केली म्हणून मालक जबाबदार, हे तत्त्व कलम १९८३ मध्ये चालत नाही. 'मोनेल' (१९७८) नुसार शहराचं धोरण, रूढ प्रथा किंवा जाणूनबुजून केलेलं दुर्लक्ष दाखवावं लागतं. शहराला मर्यादित संरक्षण मिळत नाही हा फायदा. मात्र शहराकडून दंडात्मक भरपाई मागता येत नाही (१९८१ चा निकाल).

हे किती अवघड आहे ते पाहायचं तर 'कॉनिक विरुद्ध थॉम्पसन' (२०११) वाचा. न्यू ऑर्लीन्स, १९८५. जॉन थॉम्पसनवर आधी सशस्त्र लुटीचा खटला चालवला, मग खुनाचा. लुटीत शिक्षा झाल्यामुळे खुनाच्या खटल्यात तो साक्षीला उभाच राहू शकला नाही. लुटारूचं रक्त एका बळीच्या पँटवर लागलं होतं. प्रयोगशाळेचा अहवाल म्हणत होता रक्तगट बी, थॉम्पसनचा ओ. अहवाल सरकारी वकिलांकडे होता, बचावाला दिला नाही. कापडाचा तुकडा मुद्देमालाच्या खोलीतून एका साहाय्यक सरकारी वकिलाने नेला, तो परत आला नाही. पुढे मरणाची चाहूल लागल्यावर त्याने हे एका माजी सहकाऱ्यापाशी कबूल केलं, आणि तो सहकारीही पाच वर्षं गप्प बसला. १९९९ मध्ये फाशीच्या तारखेला साधारण महिना उरला असताना बचावाच्या तपासनिसाला तो अहवाल मायक्रोफिशवर (कागदांची सूक्ष्म छायाचित्रं असलेल्या फिल्मवर) सापडला. २००३ मध्ये फेरखटल्यात ज्युरीने ३५ मिनिटांत निर्दोष ठरवलं. अठरा वर्षं तुरुंग, त्यातली चौदा मृत्युदंडाच्या कोठडीत.

दिवाणी ज्युरीने १ कोटी ४० लाख डॉलर दिले. सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी ते काढून घेतले. कारण असं: प्रशिक्षणाचा अभाव सिद्ध करायला त्याच प्रकारच्या उल्लंघनांची आधीची मालिका लागते. आधीच्या दहा वर्षांत त्याच कार्यालयाच्या चार शिक्षा ब्रेडीवरून रद्द झाल्या होत्या, पण त्यांत रक्ताचा किंवा प्रयोगशाळेचा अहवाल नव्हता, म्हणून त्या 'तशाच' नाहीत! माझ्या मते हा निकाल चुकीचा आहे, पण दावा लिहिणाऱ्याने तो बरोबर आहे असं धरूनच लिहायचं असतं. म्हणून "प्रशिक्षण दिलं नाही" हा मुद्दा शेवटी टाका. आधी प्रथा शोधा.

प्रथा सापडली तर काय होतं ते तुमच्या शिकागोतच दिसतं. तिथले डिटेक्टिव्ह अधिकृत फाइलच्या जोडीला खासगी टिपणांच्या फायली ठेवायचे. त्यांना 'स्ट्रीट फाइल' म्हणतात. सरकारी वकिलाला अधिकृत फाइल जायची, टिपणं ठाण्यातच राहायची. ऐंशीच्या दशकात हे उघडकीला आल्यावर नियम बदलले: टिपणं ठरावीक छापील फॉर्मवर लिहायची आणि फाइलला अनुक्रमणिका लावायची. पुढे २०११ मध्ये एका ठाण्याच्या तळघरातल्या कपाटांत जुन्या खुनांच्या फायलींचा ढीगच निघाला. नॅथसन फील्ड्सच्या प्रकरणातली फाइल त्यातच होती. २०१६ मध्ये ज्युरीने त्याला २ कोटी २० लाख डॉलर दिले, शहराविरुद्धसुद्धा, आणि २०२० मध्ये सातव्या सर्किटने ते कायम ठेवले. त्याच्या वकिलांनी एका फाइलवर समाधान मानलं नाही. कपाटातल्या इतर फायली त्या त्या खटल्यांतल्या बचावाच्या वकिलांच्या जुन्या फायलींशी ताडून पाहिल्या आणि तीच पानं तिथेही पोचली नव्हती हे दाखवलं. कॉनिक ज्याला 'मालिका' म्हणतो ती अशी उभी राहते.

सुनावणी_पुढे_ढकलली

मुदतीबद्दल. चांगले दावे इथे मरतात.

कलम १९८३ ला स्वतःची मुदत नाही. त्या राज्यातली शारीरिक इजेच्या दाव्याची मुदत लागते. इलिनॉय आणि कॅलिफोर्नियात २ वर्षं, न्यूयॉर्कमध्ये ३, केंटकी आणि टेनेसीत फक्त १. घड्याळ कधी सुरू होतं हे मात्र संघीय कायदा ठरवतो. 'हेक विरुद्ध हम्फ्री' (१९९४) म्हणतो की शिक्षा उभी असेपर्यंत तिला खोटं पाडणारा भरपाईचा दावाच करता येत नाही. म्हणून पान सापडलं तो दिवस मोजायचा नाही. मग कोणता दिवस मोजायचा, यावर घोळ आहे: शिक्षा रद्द झाली तो की आरोप कायमचे मिटले तो? बनावट पुराव्याच्या दाव्याला 'मॅकडॉनो विरुद्ध स्मिथ' (२०१९) ने प्रकरण आरोपीच्या बाजूने संपल्याचा दिवस दिला. दडवलेल्या पुराव्यासाठी नवव्या सर्किटने शिक्षा रद्द झाल्याचा दिवस धरलेला आहे. या दोन तारखांत फेरखटल्याची वर्षं जाऊ शकतात. सुरक्षित रस्ता एकच: आधीच्या तारखेपासून मोजा, दावा दाखल करा, आणि फेरखटला बाकी असेल तर स्थगिती मागा.

राज्याच्या कायद्याखालचे दावे (द्वेषमूलक खटला वगैरे) सोबत जोडणार असाल तर त्यांचं घड्याळ वेगळं आणि वेगवान. इलिनॉयमध्ये स्थानिक संस्थांविरुद्ध १ वर्ष. न्यूयॉर्कमध्ये ९० दिवसांत नोटीस. कलम १९८३ ला ही नोटीस लागत नाही, पण "लागत नाही" एवढंच लक्षात ठेवून जोडदावे घालवणारे वकील कमी नाहीत.

यापेक्षाही धोकादायक प्रसंग सुटकेच्या आधी येतो. शिक्षा रद्द झाली की सरकारी वकील कधी कधी म्हणतात, कमी गुन्ह्याची कबुली द्या, भोगलेली शिक्षाच पुरेशी धरू, आजच घरी जा. पंचवीस वर्षं आत काढलेला माणूस सही करतो. त्या सहीने नवी दोषसिद्धी जन्माला येते. दुसऱ्या सर्किटने 'पोव्हेंटुड' (२०१४) मध्ये अशा स्थितीतही ब्रेडीचा दावा चालू दिला, पण नवव्या सर्किटने 'टेलर विरुद्ध पिमा काउंटी' (२०१९) मध्ये सांगितलं की नव्या कबुलीत जी वर्षं मोजली गेली त्या तुरुंगवासाची भरपाई नाही. त्यामुळे फौजदारी वकिलाने सही होण्याआधी दिवाणी वकिलाला फोन करायलाच हवा. तो काय सांगेल ते ऐकून अशिलाने ठरवावं. घरी जायचं हा निर्णयही चुकीचा म्हणता येत नाही.

मूळ शिक्षाच कबुलीवर झाली असेल तर आणखी कठीण. पाचव्या सर्किटने 'अल्वारेझ विरुद्ध ब्राउन्सव्हिल' (२०१८) मध्ये कबुलीच्या आधी ब्रेडीचा हक्कच नाही असं धरलं. निर्दोषत्व दाखवणारं कोठडीतलं चित्रीकरण दिलं नव्हतं, तरी ज्युरीने दिलेले २३ लाख डॉलर गेले.

तळटीप

सर्वांचे आभार. मग "दडवला" असं शिक्षा रद्द करणाऱ्या न्यायालयाने म्हटलेलं असताना तेच पुन्हा सिद्ध करावं लागतं का? आणि प्रत्यक्ष कागदोपत्री ते कसं करतात?

दफ्तरदार

हो, पुन्हा. त्या आधीच्या कार्यवाहीत डिटेक्टिव्ह पक्षकार नव्हता, त्यामुळे तो निष्कर्ष त्याच्यावर बंधनकारक नाही. शिवाय फौजदारी बाजूला हेतू बघत नाहीत. ब्रेडीत चांगल्या हेतूने राहून गेलेला कागदही चालतो. दिवाणीत नुसता निष्काळजीपणा पुरत नाही. चौथं आणि आठवं सर्किट दुष्ट हेतू मागतं. नवव्यात बेदरकारपणा पुरतो. सहाव्यात, कागद निर्दोषत्वाकडे बोट दाखवतो हे उघड असेल तर दुष्ट हेतू वेगळा दाखवावा लागत नाही.

सिद्ध करायच्या गोष्टी तीन: पुरावा आरोपीच्या फायद्याचा होता, तो दडवला गेला, आणि तो मिळता तर निकाल वेगळा लागण्याची वाजवी शक्यता होती. साक्षीदाराची विश्वासार्हता पाडणारा कागदही पहिल्या कसोटीत बसतो. तिसरी कसोटी सगळे दडवलेले कागद एकत्र धरून लावायची असते ('काइल्स विरुद्ध व्हिटली', १९९५). प्रतिवादी एकेक पान सुटं करून "याने काय झालं असतं?" विचारतात, तेव्हा हाच निकाल पुढे करायचा.

दुसऱ्या कसोटीचं काम मात्र टेबलावर कागद पसरून करायचं असतं. चार गठ्ठे करा: पोलिसांच्या नोंदणी विभागातली कायमची फाइल, डिटेक्टिव्ह विभागातली तपासाची फाइल, सरकारी वकिलाची फाइल, बचावाच्या वकिलाची फाइल. प्रत्येक पानाला स्वतंत्र क्रमांक द्या आणि कोणतं पान कोणत्या गठ्ठ्यात आहे याचा तक्ता करा. तुमच्या उदाहरणातलं पान दुसऱ्या गठ्ठ्यात आहे आणि बाकी तिन्हींत नाही, हा पाया. मग दुसऱ्या फाइलची अनुक्रमणिका बघा: प्रत्येक कागदाची तारीख आणि नोंदवणाऱ्याची सही तिथे असायला हवी. पान फाइलमध्ये आहे पण अनुक्रमणिकेत नाही, किंवा त्याची ओळ वेगळ्या शाईत खटल्यानंतरच्या तारखेने घुसवलेली आहे, तर ते सोनं आहे. पुढे खटल्याच्या वेळी बचावाने बजावलेलं समन्स आणि त्याचं उत्तर शोधा. शिकागोत समन्स नोंदणी विभागाकडे जायचं आणि तिथून फक्त कायमची फाइल यायची. तपासाची फाइल विभागातच राहायची. उत्तरावरचा शिक्का आणि पानांची संख्या यावरून ते दिसतं.

इथे फसायच्या जागा: बचावाच्या जुन्या वकिलाने फाइल नष्ट केली असेल तर "मिळालं नव्हतं" हे नुसत्या आठवणीवर येतं. मग खटल्याच्या प्रतिवृत्तात उतरा. त्याने उलटतपासणीत दुसऱ्या संशयिताबद्दल एकही प्रश्न विचारला नाही, आणि दुसऱ्या बारीकसारीक कागदांवर मात्र तासभर घालवला, तर पान हातात नव्हतं हा निष्कर्ष ज्युरी काढू शकते. दुसरी जागा: आरोपीला ती गोष्ट आधीच माहीत होती, किंवा थोड्या धडपडीने कळली असती, तर "दडवला" म्हणता येत नाही. पोलिसाने मारहाण करून जबाब घेतला आणि ते लपवलं, हा ब्रेडीचा दावा नाही. मारहाण आरोपीला माहीतच होती. ती तक्रार वेगळ्या शीर्षकाखाली घाला. तिसरी: पोलिसाने कोर्टात खोटी साक्ष दिली म्हणून भरपाई मागू नका. साक्षीला संपूर्ण संरक्षण आहे ('ब्रिस्को विरुद्ध लाह्यू', १९८३). दावा पान न देण्याच्या कृतीवर बांधा.

कोल्हापुरी_अपील

अवांतर, पण विचारणारे बरेचजण असतील: आपल्याकडे याला समांतर काय? दावा म्हणून जवळजवळ काही नाही. प्रकटीकरणाची बाजू हळूहळू सुधारते आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये मंजूर केलेल्या फौजदारी कार्यपद्धतीच्या मसुदा नियमांत, तपास अधिकारी ज्या कागदांवर विसंबत नाही त्यांचीही यादी आरोपीला द्यावी असं आहे, आणि २०२२ च्या 'मनोज' व 'पोन्नुसामी' निकालांनी त्याला बळ दिलं. वकिलांनी ही यादी मागायची सवय लावून घ्यावी. यादी हातात आली की कोणता कागद मागायचा ते कळतं.

भरपाईचं मात्र मोघम आहे. 'अंकुश मारुती शिंदे विरुद्ध महाराष्ट्र राज्य' (२०१९) पाहा. प्रत्यक्षदर्शीने पोलिसांच्या फोटोंच्या अल्बममधून दुसऱ्याच चार जणांना ओळखलं होतं, आणि सरकारी पक्षाने ते पुढे आणलं नाही. फाशीची शिक्षा झालेले सहा जण सोळा वर्षांनी निर्दोष सुटले. भरपाई प्रत्येकी ५ लाख रुपये, तीही न्यायालयाने स्वतःहून दिली म्हणून. दिवाणी न्यायालयात द्वेषमूलक खटल्याचा दावा लावायचा तर सुटकेपासून १ वर्षाची मुदत. विनाकारण अटकेसाठी फौजदारी कार्यपद्धतीच्या संहितेत भरपाईची तरतूद आहे, कमाल १,००० रुपये. विधी आयोगाने २०१८ च्या २७७ व्या अहवालात विशेष न्यायालयं आणि वैधानिक भरपाई सुचवली होती; तो कायदा झालेला नाही.

सुनावणी_पुढे_ढकलली

मूळ प्रश्नाकडे येत दोन व्यावहारिक गोष्टी.

एक, भरपाईचे इतर रस्ते आधी तपासा, कारण काही रस्ते एकमेकांना कापतात. टेक्सासमध्ये चुकीच्या तुरुंगवासासाठी वर्षाला ८०,००० डॉलर मिळतात, पण ते घेतले की सरकारी संस्थांवर दावा लावता येत नाही. पुरावा एफबीआयने दडवला असेल तर कलम १९८३ लागतच नाही. तिथे संघीय सरकारविरुद्धचा अपकृत्याचा दावा करावा लागतो. बॉस्टनच्या 'लिमोन' प्रकरणात त्याच मार्गाने २००७ मध्ये १० कोटी १७ लाख डॉलर मिळाले, तुरुंगातल्या दर वर्षामागे साधारण १० लाख या हिशेबाने.

दोन, वेळ आणि माणसं. मर्यादित संरक्षण नाकारलं की डिटेक्टिव्ह मध्येच अपिलात जाऊ शकतो आणि एखाद-दोन वर्षं सहज जातात. तोवर १९९१ चे साक्षीदार ऐंशीच्या घरात. दुकानदार जिवंत असेल तर त्याची चित्रीत साक्ष सर्वांत आधी घ्या. फायली जपून ठेवण्याचं पत्र पोलीस, सरकारी वकील आणि प्रयोगशाळा या तिघांना पहिल्याच आठवड्यात, वेगवेगळं पाठवा. डिटेक्टिव्ह वारला असेल तर त्याच्या इस्टेटीविरुद्ध विशेष प्रतिनिधी नेमून दावा चालतो. जिवंत असेल आणि साक्षीत "पाचव्या दुरुस्तीनुसार उत्तर देत नाही" म्हणाला (स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याचा घटनात्मक हक्क), तरी काम थांबवू नका, एकेक पान समोर ठेवून प्रश्न विचारत राहा. फौजदारी खटल्यात या मौनाचा अर्थ काढता येत नाही. दिवाणी ज्युरीला तो त्याच्या विरुद्ध काढता येतो.